बिनतारी कळ

आमच्या घरात यंदा दोन पक्ष पडले. एक मांडीवरच्या कीबोर्डाचा आणि दुसरा टेबलावरच्या कीबोर्डाचा. पूर्वी घरात तट पडत ते शेताच्या बांधावरून, सासूबाईंच्या पाटल्यांवरून किंवा निदान निवडणुकीवरून तरी. पण काळ पुढे गेला आहे आणि दोन खोल्यांच्या आमच्या बिऱ्हाडाला बांधही नाही आणि पाटल्याही नाहीत. तेव्हा भांडणाला काहीतरी विषय हवा म्हणून देवाने आम्हांला बिनतारी कीबोर्ड दिला असावा.

कीबोर्डाला 'कळफलक' असा एक भारदस्त मराठी शब्द आहे. माझा उभा जन्म कळफलकावर गेला, पण तो शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्याची वस्ती परिपत्रकात. तरी त्यातली 'कळ' मात्र मला मनापासून आवडते. मराठीत कळ दाबता येते, कळ लावता येते, कळ काढता येते आणि प्रसंगी कळ सोसावीही लागते. गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या दोन महिन्यांत या चारही गोष्टी आमच्या घरात घडल्या. त्याचीच ही हकीकत.

मी पेशाने टायपिस्ट. साताऱ्याच्या कचेरीत छत्तीस वर्षे काढली. मराठी चाळीस आणि इंग्रजी साठ शब्द मिनिटाला, आणि तेही पाच कार्बनप्रतींसह. पाचवी प्रत वाचता यायची असेल तर बोटात जोर हवा. ज्या यंत्रावर मी हा जोर कमावला ते गोदरेजचे होते. गोदरेजने भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली ती १९५५ साली, आणि गंमत अशी, की त्याच साली तिकडे अमेरिकेत झेनिथ कंपनीने 'फ्लॅशमॅटिक' नावाची एक चीज बाजारात आणली. हातातल्या दिव्याचा झोत टेलिव्हिजनच्या कोपऱ्यावर मारला, की खुर्चीतून न उठता चित्र बदले. तार नाही, काही नाही. मात्र खिडकीतून ऊन आले, तरी चित्र बदले. म्हणजे बिनतारी वस्तू वाऱ्यावरच्या वरातीसारखी वागते, हे जगाला तेव्हापासून ठाऊक आहे. आम्हांलाच ते कळायला सत्तर वर्षे लागली.

तर मूळ कळ लागली ती अशी. चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली एक छोटा संगणक बसवला. सिनेमा त्यावर, गाणी त्यावर, सूनबाईंच्या पाककृती त्यावर. आणि सोफ्यावर बसून हे सारे हाकायला एक बिनतारी कीबोर्ड. अंगाने पापडासारखा पातळ, उजव्या अंगाला बोटाने बाण फिरवायची चौकोनी पाटी, पोटात पेन्सिलीएवढे दोन सेल. ते सेल वर्षभर पुरतात. दहा मीटरवरून चालतो म्हणे. आमची खोलीच साडेतीन मीटरची, त्यामुळे उरलेले साडेसहा मीटर वाया जातात, याची आमच्या सौ.ना हळहळ.

मला त्याचा फायदा वेगळाच झाला. माझी नजर आता अधू. पण टीव्हीच्या पडद्यावर अक्षर बोराएवढे करता येते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कचेरीत संगणक आले तेव्हा मी इनस्क्रिप्ट शिकलो होतो : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला; मोठी न्यायाची व्यवस्था आहे ती. तेव्हा दर रविवारी सकाळी सोफ्यावर बसून, कीबोर्ड मांडीवर घेऊन, मी बेळगावला अक्काला पत्र लिहू लागलो.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला ऐकू येत नाही, म्हणून टेलिफोनचा उपयोग नाही, आणि मोबाइलवर वाचायचे म्हटले, की ती म्हणते, "उशाखाली ठेवता येत नाही ते पत्र कसलं?" म्हणून कागदावर छापलेले, घडी घातलेले, तिकीट लावलेले पत्र. शिवाय माझ्यावर तिचे एक देणे आहे. शाळेत मास्तरीण म्हणून तिला पहिला पगार मिळाला तेव्हा तिने त्यातून माझी टायपिंग क्लासची सहा महिन्यांची फी भरली होती. माझ्या बोटांना जे काही येते ते तिच्या पैशांनी आलेले आहे. त्या बोटांनी तिला शुद्ध, स्वच्छ पत्र पाठवणे, एवढीच मी करू शकलेली परतफेड.

आणि गणपतीनंतर त्या पत्रांतून अक्षरे गळू लागली.

प्रथम माझ्या ध्यानात आले नाही. 'चिवडा' लिहावा आणि छापून यावे 'चिडा'. 'सकाळी औषध घेतो' लिहावे आणि यावे 'सकाळी औध घेतो'. मी डोळ्यांना दोष दिला, चष्मा पुसला. मग एके दिवशी अक्काचे पत्र आले. मी तिला कळवले होते, 'काळजी करू नकोस, मी आजारी नाही.' त्यातला एक काना आणि 'र' वाटेत कुठेतरी सांडले होते. अक्काने लिहिले होते : 'तू आजी नाहीस, हे मला ठाऊक आहे. आजारी आहेस का, ते सांग.'

सगळे घर पोट धरून हसले. मीही हसलो. पण हसता हसता हात पंचाखाली घेतले. कारण घरात कोणाला न सांगितलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. गेल्या श्रावणापासून चहाचा कप ओठांशी नेताना माझा हात थरथरत होता. सुईत दोरा ओवणे मी सोडले होते. सही करताना 'माझी सही बदलली आहे' असे म्हणू लागलो होतो. टायपिस्टाचे हात जाणे म्हणजे गवयाचा गळा जाण्यासारखेच. फरक एवढाच, की गवयाबद्दल लोक हळहळतात. मी रविवारचे पत्र टाळू लागलो. एक रविवार पाहुणे आले होते, दुसऱ्या रविवारी प्रिंटरची शाई संपली होती. तिसऱ्या रविवारी सबब सापडेना, तेव्हा लवकर जेवून झोपलो.

याच सुमारास नातवाने दुसरी कळ लावली. वय वर्षे तेरा. त्याला खेळासाठी, म्हणजे संगणकावरच्या खेळासाठी, वेगळा कीबोर्ड हवा होता. टीव्हीवरच्या कीबोर्डाने आपला योद्धा मरतो, अशी त्याची तक्रार. आमचे चिरंजीव हिशेबाच्या खात्यात असल्यामुळे त्यांना कोणतीही मागणी कागदावर लागते. ते म्हणाले, "गरज सिद्ध कर. दोन्ही कीबोर्डांची तुलना करून दाखव. मग दिवाळीला बघू."

नातू माझ्यासारखाच कचेरीच्या रक्ताचा निघाला. त्याने मित्राकडून आठ दिवसांच्या बोलीवर एक गेमिंगचा बिनतारी कीबोर्ड आणला आणि वहीत रकाने पाडले. हा कीबोर्ड म्हणजे पहिल्याचा थोरला, व्यायाम केलेला भाऊ. वजन किलोभर. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र खटका. असले खटके बनवण्यात जर्मनीच्या चेरी कंपनीचे नाव मोठे. तिच्या लाल जातीच्या खटक्याला जेमतेम ४५ ग्रॅम जोर लागतो. कळ चार मिलिमीटर खाली जाते, पण निम्म्या वाटेवर, दोन मिलिमीटरलाच, अक्षर उमटते. निळ्या जातीचा खटका टक्टक् वाजतो. तो आवाज ऐकून मला कचेरीची आठवण झाली आणि आमच्या सौ.ना डोकेदुखीची. शिवाय कळांखाली रंगीबेरंगी दिवे. दिवाळीच्या दिवसांत ते खपून गेले. पण ते लावले, की बॅटरी भराभर उतरते आणि विझवले तर पुष्कळ दिवस टिकते, अशी नोंद नातवाने तांबड्या शाईत केली.

पहिल्या रकान्याचे नाव होते 'तीन कळा'. खेळात म्हणे पुढे पळायचे, बाजूला वळायचे आणि उडी मारायची, हे तिन्ही एकदम करावे लागते. आमच्या पापडी कीबोर्डावर ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या, की तिसरी ऐकूच जात नाही. असे का, हे त्याने मला समजावले ते मला इतके आवडले, की येथे सांगतोच. साध्या कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते, चाळीतल्या मजल्यांसारखी आणि रांगांसारखी. पहारेकरी खाली उभा राहून एवढेच ओळखतो, की कोणत्या मजल्याचा आणि कोणत्या रांगेचा संबंध जुळला. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतल्या खोल्यांत दिवे लागले, तर चौथ्या खोलीतही दिवा आहे असा त्याला भास होतो. म्हणून स्वस्त कीबोर्ड शहाणपणा करून तिसरी कळ नाकारतो. महागात प्रत्येक खोलीला एकदिशा पाहरा बसवलेला असतो. मग कितीही दिवे लावा. आमच्या टाइपरायटरावर दोन कळा एकदम दाबल्या, तर काड्या एकमेकींत अडकत आणि हेडक्लार्क वर बघत. एका वेळी एकच अक्षर, ही आमच्या पिढीची शिस्त होती. या पिढीला एकदम तीन गोष्टी करायच्या असतात, त्याला कीबोर्ड तरी काय करणार?

दुसरा रकाना 'वेग'. गेमिंगचा कीबोर्ड आपली खबर सेकंदाला हजार वेळा देतो, साधा सव्वाशे वेळा. म्हणजे एकाची जास्तीत जास्त दिरंगाई एक सहस्रांश सेकंद आणि दुसऱ्याची आठ. येथे चिरंजीवांनी जातीवर जाऊन विचारले, "आणि टीव्ही किती वेळ खातो?" शोध घेता असे निघाले, की चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही स्वतःच पन्नास-शंभर सहस्रांश सेकंद सहज घालवतो. मात्र टीव्हीच्या यादीत 'गेम मोड' नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केला, की तो ही सजावट सोडून देतो. तो चालू केला आणि योद्ध्याचे आयुष्य एका संध्याकाळीत वाढले. "म्हणजे निम्मा कीबोर्ड फुकट मिळाला," चिरंजीव म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी दोन वेळा श्रीखंड घेतले.

तिसरा रकाना होता 'टायपिंग'. आणि घरात टायपिंग येणारा माणूस एकच.

"आजोबा, एक पान तुम्ही दोन्हींवर टाईप करायचं. मी चुका मोजणार."

मी पाठ दुखते म्हणालो. मग डोळे म्हणालो. मग, आयुष्यात प्रथमच, नातवावर ओरडलो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा ओरडण्यापेक्षा टाईप करणे सोपे, असे वाटून बसलो.

पापडी कीबोर्डावर एका पानात एकतीस अक्षरे गळाली आणि नऊ दुणावली. म्हणजे 'काना' एकदा दाबावा आणि दोनदा उमटावा, असे. गेमिंगच्या कीबोर्डावर एकही गळाले नाही, पण चौदा दुणावली. नातू पेन्सिल चावत बसला. मग त्याने एक युक्ती केली. कीबोर्डाचा संदेश पकडणारे जे बोटाच्या पेराएवढे खुंटीवजा यंत्र असते, ज्याला हे लोक डोंगल म्हणतात, ते पापडीचे होते संगणकाच्या पाठीमागे, आणि गेमिंगचे होते एका लहान वायरीच्या टोकाला, टेबलावर. त्याने गेमिंगचे डोंगल उपटून पाठीमागे लावले आणि मला पुन्हा टाईप करायला सांगितले. अक्षरे गळू लागली. पापडीचे डोंगल वायरीने पुढे आणले. गळती बंद!

पाठीमागे काय होते? निळ्या तोंडाच्या खाचेत खुपसलेली, जुन्या सिनेमांची डिस्क. चिरंजीवांनी ती गणपतीत पाहुण्यांसाठी लावली आणि तशीच ठेवली. ही निळ्या तोंडाची यू.एस.बी. ३ जातीची जोडणी काम करताना आजूबाजूला जी कुरकुर करते ती नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरते; इंटेल कंपनीने २०१२ सालीच तसा सविस्तर कागद काढून ठेवला आहे. आणि बिनतारी कीबोर्ड बोलतो तोही त्याच पट्टीत. वायफाय त्याच पट्टीत, ब्लूटूथ त्याच पट्टीत, मायक्रोवेव्हची भट्टीही तिथलीच शेजारीण. मंगल कार्यालयात पंगतीच्या वेळी कोणी कानात बोलावे आणि शेजारी सनई सुरू व्हावी, तसे ते बिचारे डोंगल बसले होते. माझे 'आजारी' तिथेच 'आजी' झाले. बिनतारी कीबोर्डाचे दुखणे अखेर हातभर तारेने बरे झाले.

मी मोठा श्वास सोडला. म्हणजे बोटे माझी शाबूत होती! दोष हवेचा होता. मी सूनबाईंकडे चहासुद्धा मागितला. पण नातू वहीतून वर न पाहता म्हणाला, "आजोबा, गळलेली अक्षरं डोंगलबरोबर गेली. पण दुणावलेली तुमच्याबरोबर राहिली. बाबांच्या लॅपटॉपवर बघू या का?"

लॅपटॉपचा कीबोर्ड त्याच्या अंगाचाच. त्याला ना डोंगल, ना हवा. तिथे सात दुणावली.

"तुमचा हात थरथरतो का?" त्याने विचारले. तेरा वर्षांचे पोर. त्याला तो फक्त एक राहिलेला रकाना होता.

कोणी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या थांबला. मग आमच्या सौ. बाहेर आल्या, पिठाच्या हातांनीच माझे हात धरले आणि म्हणाल्या, "श्रावणापासून. कपबशी वाजते, ती मला ऐकू येत नाही का? म्हटलं, तुम्हीच सांगाल." चार महिने त्या कळ सोसत होत्या आणि मी समजत होतो, की ती मी एकटाच सोसतो आहे.

दुसऱ्याच दिवशी चिरंजीव डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी हात पुढे धरायला लावले, मांडीवर स्वस्थ ठेवायला लावले, आणि मग कागद देऊन म्हणाले, "यावर एक चकली काढा." खरोखरच! मध्यापासून बाहेर फिरत जाणारी रेघ काढायची, हीच ती तपासणी. माझ्या चकलीला भाजणीच्या चकलीसारखे काटे आले. डॉक्टरांनी ती बराच वेळ न्याहाळली. हात स्वस्थ असताना कापत नाहीत, कामाला लागले की कापतात, तेव्हा हा कंपवात नव्हे, असे त्यांनी सांगितले. हा नुसता थरकाप. वयाबरोबर वाढतो, औषधाने कमी होतो, पुरता जात नाही. आणि पुष्कळदा घराण्यातून येतो. "वडिलांचे हात कापायचे का?" त्यांनी विचारले. मला अण्णांची कपबशी आठवली. ती वाजली, की आई म्हणे, "आज कचेरीत साहेब बोलला असेल."

तुलनेचा निकाल असा लागला. नातवाला दिवाळीचा गेमिंग कीबोर्ड मिळाला, मात्र न वाजणाऱ्या खटक्याचा. मांडीवरची पापडी माझ्याकडे राहिली. तिच्या कळा उथळ, पण वजनाला हलकी आणि सोफ्यावर बसायला तीच बरी. खेळायला तीन कळांचे भान हवे, सिनेमाला दहा मीटरचा पल्ला, आणि माझ्यासारख्याला थोडी क्षमा. ती क्षमाही संगणकात असते, हे नातवाने शोधले. एक कळ अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा दाबली गेली, तर ती मोजू नये, अशी सोय तीत आहे. विंडोजमध्ये तिला फिल्टर कीज म्हणतात. इंग्रजीत तिची अडचण व्हावी, कारण तिथे जोडीने येणारी अक्षरे फार. आपल्या इनस्क्रिप्टमध्ये 'अक्का' लिहिताना दोन 'क'च्या मध्ये हलन्ताची कळ येते, त्यामुळे तीच कळ लागोपाठ दाबण्याचे प्रसंग थोडे. 'गगन', 'ललित' आणि 'ममता', असे काही शब्द तेवढे आहेत. तिथे पहिले अक्षर दाबून क्षणभर थांबावे लागते, मग दुसरे. साठाचा वेग गेला. पण असल्या शब्दांशी थोडे थांबण्यात तोटा नाही.

वसुबारसेला मी अक्काला सगळे खरे लिहिले. डिस्कचे, चकलीचे, अण्णांच्या कपबशीचे. एकही अक्षर गळाले नाही. एक दुणावले, ते मुद्दामच ठेवले.

पाडव्याला तिचे उत्तर आले. अक्षर नेहमीसारखे नागमोडी. ती लिहिते : 'माझे हात कापतात त्याला आता आठ वर्षं झाली. तुला माझं अक्षर वाकडं दिसतं ते तुझ्या नजरेमुळे, असं तू समजत होतास आणि मी समजू देत होते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव मोठ्या अक्षरात टाईप करून पाठव. आणि चिडा पोचला. मीठ किंचित जास्त आहे.'